'स्प्रेत्सातूरा'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे: पुरुषांच्या पेहरावावरच्या लेखांत 'स्प्रेत्सातूरा' हा इटालियन शब्द हल्ली सर्रास दिसतो. टायची गाठ जराशी तिरकी सोडली, बाहीचे बटण उघडे ठेवले, घड्याळ शर्टाच्या कफवरून बांधले, की ती स्प्रेत्सातूरा. मराठीत याला 'बेफिकिरी' म्हटले तर चालेल का?

चालणार नाही. फॅशनच्या लेखापुरते कदाचित खपून जाईल, पण शब्द जिथला आहे तिथे 'बेफिकिरी' जवळजवळ उलट अर्थ देते.

हा अर्थ रुळवला बाल्दास्सारे कास्तिल्योने या इटालियन दरबारी लेखकाने, 'इल कोर्तेजानो' ('दरबारी') या संवादग्रंथात. तो १५२८ साली व्हेनिसमध्ये छापला गेला, पण त्यातला काळ मार्च १५०७चा आणि स्थळ इटलीतल्या उर्बिनोचा राजवाडा. ड्यूक ग्विदोबाल्दो सांधेदुखीने बेजार, जेवण झाले की झोपायला जाणारा. मग डचेस एलिसाबेत्ता गोन्झागाच्या दालनात मंडळी जमतात आणि चार रात्री एकच खेळ चालतो: आदर्श दरबारी शब्दांनी घडवायचा.

त्याच्या गुणांची यादी लांबलचक आहे. मुख्य पेशा शस्त्राचा. जोडीला घोडेस्वारी, कुस्ती, पोहणे, लॅटिन आणि ग्रीक, काव्य, गायन-वादन, चित्रकलाही. कोलांट्या उड्या आणि दोरीवरची कसरत मात्र वर्ज्य. ती डोंबाऱ्याची कामे. पण यादीपेक्षा बारीकसारीक सूचना जास्त बोलक्या आहेत. लढाईत पराक्रम करायचा तर गर्दीत मिसळून नव्हे, मोजक्या लोकांसह आणि जमल्यास राजाच्या डोळ्यांदेखत. खेड्यातल्या गड्याशी कुस्ती खेळायची ती जिंकण्याची जवळपास खात्री असेल तरच, कारण हरल्यावर होणारी शोभा जिंकल्याच्या कौतुकापेक्षा फार मोठी. बुद्धिबळात तर फार तरबेज असणेच बरे नाही; एवढ्या वेळात दुसरे काही चांगले शिकला असता, असे लोक म्हणतील. इतका तोलूनमापून वागणारा माणूस बेफिकीर कसा असेल?

शब्द येतो पहिल्या रात्री. दरबाऱ्याच्या प्रत्येक हालचालीत 'ग्रात्सिया', म्हणजे डौल, हवा असे काउंट लुदोविको दा कानोस्सा सांगतो. त्यावर चेझारे गोन्झागा रास्त शंका काढतो: ज्याला तो जन्मतः मिळाला नाही त्याने काय करायचे? काउंटचे उत्तर असे, की ओढूनताणून काही करणे हा समुद्रातला धोकादायक खडक समजून टाळावा आणि 'कदाचित नवा शब्द वापरायचा तर' प्रत्येक गोष्टीत स्प्रेत्सातूरा असावी. तिने कसब झाकले जावे आणि केलेले, बोललेले सगळे विनासायास, जणू विचारही न करता झाले असे दिसावे. कसब आहेच, भरपूर आहे, फक्त दिसू द्यायचे नाही. बेफिकिरीत झाकायला काही नसतेच.

पुढचा प्रसंग तर आजच्या तिरक्या टायसाठीच लिहिलाय असे वाटावे. पिएरपाओलो नावाचा एकजण नाचतो ते चवड्यांवर, पाय ताणून, मान न हलवता, लाकडाच्या ओंडक्यासारखा. पावले मोजतोय हे लांबूनही कळते. त्याला सगळे हसतात. मग मंडळींतला बिब्बिएना म्हणतो, त्यापेक्षा आपला रोबेर्तो बरा: नाचताना खांद्यावरून झगा घसरतो, पायातून सपाता निसटतात, त्याचे लक्षही नसते. काउंट ताबडतोब अडवतो. लक्ष नाही हे दाखवण्याचाच त्याचा आटापिटा चाललाय, म्हणजे हाही कृत्रिमपणाच. त्याच ओघात आणखी एक नमुना येतो: केस विसकटू नयेत म्हणून मान न हलवणारा, टोपीच्या आत आरसा आणि बाहीत कंगवा बाळगणारा, मागे स्पंज आणि ब्रश घेतलेला पोऱ्या फिरवणारा. तर मुद्दाम गबाळेपणा करणारा रोबेर्तो आणि मुद्दाम नीटनेटका राहणारा हा गृहस्थ कास्तिल्योनेच्या लेखी एकाच पंक्तीत बसतात.

'बेफिकिरी' सुचते ती व्युत्पत्तीमुळे. 'स्प्रेत्सारे' म्हणजे तुच्छ लेखणे, किंमत न देणे. थॉमस होबीच्या १५६१च्या इंग्रजी भाषांतरातही 'रेकलेसनेस' असेच आहे. त्या काळी त्या शब्दाला आजची बेदरकारीची छटा कमी होती, तरी कसब लपवण्याचा भाग त्यात येत नाही तो नाहीच.

मराठीत 'सहजता' हा पहिला उमेदवार, पण ती उपजतही असू शकते. चेझारेचा प्रश्न नेमका उपजत नसलेल्याचा आहे. 'लीलया' चांगला, पण तो क्रियेला लागतो, स्वभावाला नाही. 'नजाकत' नाजूकपणाकडे झुकते, तलवार धरणाऱ्याला शोभत नाही. माझे मत 'कमावलेली सहजता' याला. आपण कमावलेले शरीर म्हणतो, कमावलेला आवाज म्हणतो; त्यात रियाज गृहीतच असतो. गायनाशी नाते तिकडेही आहे: जूलिओ काच्चीनी या इटालियन संगीतकाराने १६०२च्या 'ले नुओवे म्यूझिके'च्या प्रस्तावनेत गाण्यातल्या 'उदात्त स्प्रेत्सातूरे'बद्दल लिहिले, तालाच्या काटेकोर चौकटीतून सुटून बोलल्यासारखे गाण्याबद्दल.

या शब्दाचा एक परिणाम मात्र 'कमावलेली सहजता'त मावत नाही. चित्रकाराने एकच रेघ न कष्टता ओढली, की बघणाऱ्याला वाटते, याला याहून कितीतरी जास्त येत असणार. तिथे 'हातचे राखून' हा वाक्प्रयोग जोडीला घ्यावा.

'तुच्छ लेखणे' ही छटाच हवी असेल तर संस्कृतात एक जवळचा नातेवाईक आहे. नाट्यशास्त्रात स्त्रियांच्या स्वभावज अलंकारांत 'विच्छित्ति' येते: माळ, वस्त्र, दागिने, उटी यांचा 'अनादरन्यास', म्हणजे फारसा मान न देता केलेली मांडणी, जी थोडीशी असूनही मोठी शोभा आणते. 'अनादर' आणि 'स्प्रेत्सारे' यांचे जुळणे थक्क करणारे आहे. पण विच्छित्ति साजशृंगारापुरती आणि नायिकेची. तलवारीला, घोड्याला, बोलण्याला ती पुरणार नाही. पेहरावाच्या लेखात मात्र विचारी लेखकाने जरूर वापरून पाहावी.

तेव्हा कास्तिल्योनेबद्दल लिहिताना पहिल्यांदा मूळ शब्द देऊन पुढे 'कमावलेली सहजता'. फॅशनच्या लेखात तिरक्या टायला सरळ 'ठरवून केलेला गबाळेपणा' म्हणा. काउंटने रोबेर्तोला तेच सुनावले असते. आणि उच्चार 'स्प्रेझातूरा' नव्हे. इटालियनमधला इथला जोडवर्ण 'त्स' आहे, म्हणजे आपल्या 'चमचा'तल्या दंत्य 'च'च्या जवळचा, आणि जरा दाबून: स्प्रेत्-त्सा-तू-रा, आघात 'तू'वर.