पटाच्या बांध्या विकायला निघाल्या

(शेती, जनावरं आणि घरच्या अडचणींवर वाचकांच्या पत्रांना उत्तरं. उत्तरं देणारे निवृत्त पशुधन पर्यवेक्षक असून त्यांची सगळी नोकरी भंडारा-गोंदियाच्या गावांत झाली.)

प्रश्न : डॉक्टर साहेब, नमस्कार. आमचं गाव साकोली तालुक्यात, हायवेपासून थोडं आत. सासरे होते तेव्हापासून गावचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आमच्या आणि शेजारच्या चौघांच्या बांध्यांत (धानाच्या शेतांत) भरतो. धान निघालं की धुरे, म्हणजे बांध, पाडायचे, पट झाला की पुन्हा घालायचे. आता नागपूरच्या एका पार्टीने त्या सगळ्या बांध्या लेआउटसाठी मागितल्या आहेत. चौघांनी इसार घेतला. आमचा दीड एकर मधोमध आहे, जोड्या सुटतात ती जागा. मुलगा पुण्याला असतो. तो म्हणतो, आई, हा भाव परत येणार नाही. यांचं वय ७१. हे हो म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत. संध्याकाळी धुऱ्यावर जाऊन बसतात, अंधार पडला की येतात. टीव्हीवर मुंबईच्या रेसकोर्सवर बगीचा होणार असं दाखवलं, तेव्हा एवढंच बोलले, "पाहा, घोड्यायचंही गेलं." मोठ्या लोकांचं मैदान निदान टीव्हीवर तरी येते. आमचं कोण पाहते? विकावं की नाही?
— एक भगिनी, साकोली तालुका

उत्तर : ताई, आधी तुमच्या यजमानांना सांगा की घोड्यांचं सगळं गेलेलं नाही. महालक्ष्मीचं रेसकोर्स १८८३ पासूनचं. जागा महापालिकेची आणि सरकारची, शर्यती भरवणाऱ्या क्लबकडे ती भाडेपट्ट्याने होती. तो पट्टा २०१३ मध्ये संपला आणि पुढे दहा वर्षं नुसती ओढाताण चालली. २०२४ मध्ये वाटणी ठरली. सुमारे २११ एकरांपैकी १२० एकर महापालिकेच्या बगीच्याला आणि ९१ एकर ३० वर्षांसाठी क्लबकडे. शर्यती चालू राहणार आहेत. समुद्राकडच्या नव्या कोस्टल रोडची मोकळी जागाही त्या बगीच्याला जोडायची आहे.

ते मैदान मी एकदा पाहिलं आहे. माझा मामेभाऊ परळला गिरणीत होता. संपानंतर गिरणी सुटली, पण त्याने मुंबई सोडली नाही. हिवाळ्यातल्या एका रविवारी तो मला स्वस्त तिकिटाच्या बाजूला घेऊन गेला. त्याला कोणता घोडा येतो याची काळजी, मी ढोरडॉक्टर, माझं लक्ष भलतीकडेच. घोडे सुटले की त्यांच्या मागे एक गाडी धावायची, जनावर पडलं तर उचलायला. धाव झाली की सईस लगाम धरून घोड्याला कितीतरी वेळ नुसतं चालवत राहायचा, घाम उतरेपर्यंत. आपल्याकडे जोडी पोचली की लोक पुढच्या जोडीकडे पळतात आणि आधीचे बैल चिंचेखाली फेस गाळत उभे. पाणी कधी पाजायचं, किती पाजायचं, हे सांगायला मी भोंग्यावर जायचो तर भोंगेवाला म्हणायचा, साहेब, दोन मिनिटं थांबा, आमदार आले.

विषय सोडला मी. मुंबईच्या आणि तुमच्या मैदानात फरक आहे तो कागदाचा. त्यांच्याकडे पट्टा होता, नकाशा होता, वारसा म्हणून नोंदलेली बसायची इमारत होती. म्हणून निदान वाटणीला बसता आलं. आपला पट कुठे लिहिलेला असतो? सातबारावर धान लिहिलं असतं, त्यानंतरची लाखोळी लिहिली असते. पटाचं मैदान वर्षातून दोन दिवस मैदान असतं, बाकी दिवस ती पाच जणांची शेती. तो कमीपणा आहे असं मला वाटत नाही. पण लढायला कागद लागतो, एवढं खरं.

एक कागद मात्र पाहून घ्या. आपला भाग जुन्या मध्य प्रांतातला, मालगुजारीचा, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांचा. मालगुजारी १९५१ मध्ये गेली, मामा (माजी मालगुजारी) तलाव मागे राहिले आणि गावागावांचे हक्कही कागदावर राहिले. सरकारी पडीत जमिनीवर गावाने काय करायचं ते निस्तार पत्रकात लिहिलेलं असतं, आणि खाजगी जमिनीतून वाट, पाणी, मासे यांचा वहिवाटीचा हक्क वाजिब-उल-अर्ज मध्ये. जमीन महसूल संहितेत दोन्हींना जागा आहे. तलाठ्याकडे नाही मिळालं तर तहसीलला अर्ज करा. त्यात शंकरपट सापडेल या आशेवर जाऊ नका. पण तुमच्या बांध्यांतून गावाची बैलगाडीची वाट किंवा तलावाची पाट असेल तर ती सापडेल, आणि लेआउटवाल्याला ती बुजवता येणार नाही. गावाजवळ गायरान असेल तर त्याचीही चौकशी करा. गायरान ग्रामपंचायतीला विकता येत नाही. सार्वजनिक कामासाठीच द्यावं असा सरकारचा निर्णय २०११ चा आहे.

आता विकायचं की नाही. ताई, तुमच्या जागी मी असतो तर विकलं असतं. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण धान कसं पिकतं ते तुम्हाला सांगायला नको. पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत येतं. चारही बाजूंनी मुरूम पडला, प्लॉटचे रस्ते उंच झाले, की तुमचा दीड एकर खोलगट डबका होईल. पावसाळ्यात पाणी निघणार नाही आणि वर पाऊस रुसला तर येणार नाही. दोन वर्षांनी तीच पार्टी अर्ध्या भावात मागेल. मुलगा भावाचं बोलतो ते म्हणून खोटं नाही. त्याला पटाचं काही वाटत नाही असंही समजू नका. पुण्यात राहून त्याने कधीतरी घरी परतायचं ठिकाण म्हणून हीच बांधी डोळ्यापुढे ठेवली असेल. विचारून पाहा.

पण इसारपत्र करताना एक ओळ घालून घ्या. ताबा फेब्रुवारी संपल्यावर. यंदाचं धान तुमचं, धान निघाल्यावरचा पट गावाचा. विकत घेणाऱ्याचं यात काही जात नाही, लेआउटच्या मंजुरीलाही वेळ लागतोच. चौघांनी इसार घेतला आहे, खरेदीखत व्हायचं आहे. त्यांनाही हीच ओळ घालायला लावा. आणि सह्या करण्याआधी भूमी अभिलेखकडून मोजणी, जमीन वर्ग २ ची (सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी) तर नाही ना ते, आणि यजमानांच्या बहिणींची नावं, तिन्ही बघा. बहिणींच्या सह्या राहिल्यामुळे अडलेले व्यवहार मी जनावरं तपासता तपासता पुष्कळ ऐकले आहेत. मंजूर लेआउटमध्ये १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ती कुठे सोडणार हे नकाशावर पाहा. त्यावर पट होणार नाही, पण तुमच्या सुटण्याच्या जागेवर ती पडली तर निदान तिथे कोणाचं संडास-बाथरूम येणार नाही.

यजमान संध्याकाळी धुऱ्यावर बसतात त्याचं मला नवल नाही. पण ते नेमकं कशासाठी बसतात, हे मी दुरून सांगू शकत नाही. माझ्यापुरतं सांगतो. आधी बैल गेले, मैदान जातंय ते सगळ्यात शेवटी. माझ्या हद्दीतल्या एका गावी पावसाळ्याआधी घटसर्पाची लस टोचायला सकाळी सातला बसलो तर जेवण चुकायचं. निवृत्त झालो त्या वर्षी त्याच गावी चहा यायच्या आत काम आटोपलं. ट्रॅक्टर आले, बरंच झालं, नांगराच्या मागे कोणी हौसेने चालत नव्हता. पण घरोघरी बैल होते तेव्हा पट हा गावाचा होता. आता पटाची जोडी म्हणजे पाच-सात शौकिनांनी वर्षभर खुराक देऊन पोसलेली. बाकीचे आम्ही बघे.

आणि पट म्हणजे फक्त जोड्या होत्या का? दोन दिवस आधी पोरी माहेरी यायच्या. लाखोळीच्या डाळीचे वडे, कोंबड्याचा रस्सा, अंगणात तणीस अंथरून पाहुण्यांची झोप. सोयरिकी तिथेच जुळायच्या, माझीही तिथेच जुळली. सासरे माझ्यापेक्षा माझ्या काकाची जोडी पाहून हो म्हणाले होते, हे मला लग्नानंतर कळलं. रात्री वडशाहून आलेल्या मंडळींचं नाटक, पहाटेपर्यंत. दिवसा पट नसेल तर रात्रीच्या नाटकाला माणूस येत नाही, हे झाडीपट्टीत, आपल्या या पूर्व विदर्भात, लहान पोरालाही माहीत आहे. २०१४ नंतर कोर्टाने शर्यती बंद केल्या होत्या, त्या बंदीच्या वर्षांत त्या कलावंतांचे जे हाल झाले ते फारसे कुठे छापून आले नाहीत.

म्हणून एक सुचवतो. पट हलवता येतो. तलावाच्या पलीकडे, दुसऱ्या कोणाच्या बांध्यांत. पण कुठल्याही बांध्या चालत नाहीत. कुठे ओल धरून राहते आणि बैलाचा खूर रुततो, कुठली माती धुरा पाडल्यावर दाबून बसते, पोचल्यावर जोडी थांबवायला पुढे किती मोकळं लागतं, हे नकाशावर दिसत नाही. गावात हे ज्याला कळतं तो माणूस सध्या रोज संध्याकाळी धुऱ्यावर एकटा बसतो आहे. पटाच्या कमिटीतल्या पोरांना त्यांच्याकडे पाठवा. "बाबा, नवी जागा पाहायला चला" असं म्हणू द्या. धान उभं असतानाच जायला हवं, म्हणजे कुठे पाणी साचतं ते दिसेल. नाही म्हणाले तर जबरदस्ती नको, दोन दिवसांनी पुन्हा पाठवा.

प्रश्न : माझे आजोबा पटाचे धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारे, होते. मी कॉलेजला आहे. मला बैलांचे हाल बघवत नाहीत, आणि घरी बोलले तर 'शिकून शहाणी झाली' म्हणतात. बंदी उठली हे चांगलं झालं का?
— एक विद्यार्थिनी, तिरोडा तालुका

उत्तर : पोरी, ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या, तेव्हा मी मनातून सुटलो होतो. घरी बोललो नाही, तुझ्यासारखंच. तुतारीच्या, म्हणजे बैल टोचायच्या काठीच्या, खिळ्याने फाटलेली कातडी मी शिवली आहे, दाताने चावलेलं शेपूट पाहिलं आहे, दारू पाजलेला बैल पाहिला आहे. लोक म्हणतात आमच्या गावी असं होत नव्हतं. दुसऱ्या गावचे लोकही हेच म्हणत.

पण बंदीनंतर पटाचे कितीतरी बैल बाजारात गेले. कोणी घेतले आणि पुढे त्यांचं काय झालं ते मला विचारू नको. आपल्या वर्धेकडचा गवळाऊ बैल चपळाईसाठीच जपलेला. धावण्याला किंमत नसेल तर तो सांभाळायचं कारण शेतकऱ्याला उरत नाही. म्हणून २०१७ मध्ये राज्याने कायदा केला तेव्हा मी दोन्ही बाजूंनी विचार करायला लागलो. तोही लगेच कोर्टात अडकला. १६ डिसेंबर २०२१ ला अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने कायदा उचलून धरला. आता धाव १००० मीटरपेक्षा लांब नको, आधी परवानगी हवी, पशुवैद्याची तपासणी हवी, मारहाण नको, काठी-खिळा नको. मोडलं तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद.

चांगलं झालं का विचारतेस. जिथे तपासणारा डॉक्टर खरंच बैलाजवळ जातो तिथे झालं. जिथे तो मंडपात बसून सर्टिफिकेटं लिहितो तिथे नाही. पुढच्या पटाला तू घरी बसू नको. मोबाइल घेऊन सुटण्याच्या जागेजवळ उभी राहा. धुरकऱ्याची नात आहेस, तुला कोणी हटकणार नाही. आणि आजोबांना विचार, त्यांनी तुतारी कितीदा वापरली. खरं सांगतील. या वयात लोक सांगतात.

प्रश्न : वडिलांच्या पटाच्या जोडीच्या पितळी घुंगरमाळा, झूल आणि मठाट्या (बैलाच्या कपाळावरचे दागिने) माळ्यावर आहेत. बैल नाहीत. भंगारवाला पितळेचा भाव देतो. काय करू?
— पवनी तालुका

उत्तर : देऊ नका, भंगारवाल्याला चामड्याचा पट्टा नको असतो, तो तुमच्यासमोर कापून फेकेल. घुंगरं चिंचेने घासायची तर आधी पट्ट्यातून सोडवून काढा. चिंचेचं पाणी चामड्याला लागलं की ते तडकतं. पट्ट्याला एरंडेल चोळा, सावलीत ठेवा. झूल धुऊ नका, जुना रंग सुटतो, नुसती उन्हात झटका. पोळ्याला गावात अजून कोणाची जोडी निघत असेल तर एक माळ त्यांना घालायला द्या. दुसरी मात्र घरी ठेवा, तान्ह्या पोळ्याला नातवाच्या लाकडी बैलाला. माप मोठं होईल, दोन पदर करून घाला.