बोअरच्या पाण्यात बुडबुडे, शेतात पिवळे वर्तुळ

प्रश्न: शेजारी कोळशाच्या थरातून गॅस काढतात. आमच्या बोअरचे पाणी दुधाळ येते, पंप मध्येच हवा धरतो. हे पाणी पिकाला, जनावरांना चालेल का? एका जागी पीक गोलाकार पिवळे पडलेय, तेही यामुळेच का?

उत्तर: काचेच्या पेल्यात पाणी धरा. तळाकडून वर निवळत गेले तर वायू आहे, गाळ खाली बसला तर माती. हा वायू मिथेनच (कोळशाच्या थरातला जळणारा गॅस) असेल असे नाही, साधी हवाही असते. नाकावर जाऊ नका, मिथेनला वास नसतो. सडक्या अंड्याचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा.

कोळशातला वायू पाण्याच्या दाबाने धरलेला असतो. पाणी उपसले की दाब उतरतो आणि तो सुटतो. गॅसविहिरीचे सिमेंट कच्चे असेल किंवा जुना बोअर उघडा असेल, तर वाट काढत वरच्या पाण्यात येतो. मात्र दलदलीतही मिथेन तयार होतो. स्रोत कोणता, हे प्रयोगशाळेत कार्बनच्या समस्थानिकांवरून (वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून) बरेचसे कळते. नमुना प्रयोगशाळेच्याच माणसाकडून घेववा. साध्या बाटलीतून वायू निसटतो. मिथेन लिटरला 10 मिलिग्रॅमच्या आत असेल तर अधूनमधून तपासा. 28 च्या पुढे गेला तर वाट न बघता खाली सांगितलेले उपाय करा.

मिथेन पिण्यात विषारी नाही. हौदात उंचावरून पाणी पाडले की बराच उडून जातो. मग पिकाला, जनावरांना त्याची भीती नाही; क्षार मात्र तपासून घ्या. धोका बंद पंपघरात. हवेत 5 ते 15 टक्के मिथेन झाला की मोटरच्या बटणाची ठिणगी पुरते. तो हवेपेक्षा हलका, म्हणून झरोका छतालगत ठेवा, बोअरच्या तोंडातून पाइप बाहेर मोकळ्या हवेत काढा. काडी ओढून तपासायचे धाडस कुणी करू नये. विहिरीत उतरूही नका.

पिवळ्या जागी फूटभर खणा. माती निळसर करडी, मुळे काळी दिसली तर मुळांना हवा मिळत नाही. मिथेन जमिनीतून वर येत असेल तर तो खाणारे जिवाणू तिथला ऑक्सिजन संपवतात. पाणी साचूनही हेच होते, म्हणून आधी निचरा बघा. युरिया टाकून उपयोग नाही. गळती बंद होईपर्यंत तेवढा तुकडा पडीक ठेवा.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. गॅसविहिरीतून उपसलेले पाणी फुकट मिळते म्हणून शेतात सोडतात. त्यात बहुधा सोडियम बायकार्बोनेट भरपूर असते. चिकण माती त्याने पोपडा धरते, पाणी जिरत नाही. तपासणीत आरएससी (पाण्यातला उरलेला सोडियम कार्बोनेट) लिटरला 2.5 मिलीइक्विव्हॅलंटच्या वर आला तर ते पाणी बांधाच्या आत घेऊ नका. आधीच दिले असेल तर जिप्सम किती टाकायचे, ते माती परीक्षणाचा अहवाल घेऊन या, मग सांगतो.