नडगीवरची जखम आणि आतड्याची तपासणी

प्रश्न : माझ्या ४२ वर्षांच्या बहिणीच्या नडगीवर आलेला लहानसा फोड फुटून काही दिवसांतच तिथे खोल, अतिशय दुखणारी जखम झाली. अँटिबायोटिकने गुण आला नाही आणि शस्त्रक्रियेने जखम साफ केल्यावर ती उलट पसरली. आता त्वचारोगतज्ज्ञांनी ‘पायोडर्मा गँग्रिनोसम’ची शंका घेऊन कोलोनोस्कोपी करायला सांगितली आहे. पायाच्या जखमेसाठी आतड्याची तपासणी कशाला?

उत्तर : ही तपासणी टाळू नये. या दुर्मीळ आजारात जंतूंमुळे नव्हे, तर न्यूट्रोफिल या आपल्याच पांढऱ्या पेशी त्वचेत गर्दी करून दाह निर्माण करतात म्हणून जखम होते. आणि निम्म्याच्या आसपास रुग्णांमध्ये त्यासोबत अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स डिसीज (हे दोन्ही आतड्याच्या दीर्घकालीन दाहाचे आजार), आमवात किंवा रक्ताचा एखादा विकार सापडतो. १९३० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी या आजाराचे वर्णन केले, तेव्हा त्यांच्या पाच रुग्णांपैकी चौघांना अल्सरेटिव्ह कोलायटिसच होता. मात्र त्वचेचा त्रास आतड्याच्या तक्रारींच्या आधीही सुरू होऊ शकतो, त्यामुळे पोटाची तक्रार नसली तरी कोलोनोस्कोपी करतात; आणि रक्ताचा विकारही असू शकतो म्हणून ती निर्दोष आली तरी रक्ताच्या तपासण्या कराव्याच लागतात.

जखम साफ केल्यावर ती वाढली, ही माहिती निदानाच्या दृष्टीने मोलाची आहे. काही रुग्णांमध्ये त्वचेला इजा झाली की तिथला दाह भडकतो. याला ‘पॅथर्जी’ म्हणतात. असे असूनही डॉक्टर जखमेच्या कडेचा लहान तुकडा बायोप्सीसाठी घेतील, कारण या आजारावर शिक्कामोर्तब करणारी एकच अशी चाचणी नाही, आणि प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे देण्यापूर्वी जंतुसंसर्ग, रक्तवाहिन्यांचा दाह व कर्करोग या शक्यता दूर करणे भागच असते.

उपचारांत सहसा प्रेडनिसोलोन (एक स्टिरॉइड) किंवा सायक्लोस्पोरिन ही प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे वापरतात. ब्रिटनमध्ये या दोहोंची थेट तुलना झाली (निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले), त्यात सहा महिन्यांत दोन्ही गटांतील जेमतेम निम्म्या रुग्णांच्या जखमा भरून आल्या. म्हणजे निवड बरीचशी दुष्परिणाम पाहूनच करावी लागते : मधुमेह असेल तर प्रेडनिसोलोन आणि रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर सायक्लोस्पोरिन जपून द्यावे लागते. आतड्याचा आजार निघालाच, तर इन्फ्लिक्सिमॅबसारखे दाह कमी करणारे इंजेक्शन जखम आणि आतडे या दोन्हींवर उपयोगी पडू शकते. यापुढे कोणतीही शस्त्रक्रिया ठरली, तर बहिणीने या आजाराची कल्पना शल्यचिकित्सकांना आधीच द्यावी.