करिअर ठरत नाही, सवयी टिकत नाहीत; आधी कशाला हात घालू?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. दुसऱ्या वर्षाला आहेस, पुढे काय करायचं ते ठरत नाही, आणि लवकर उठणं, रोजचा अभ्यास, व्यायाम यातलं काहीच दोन आठवड्यांच्या पुढे जात नाही. ‘२१ दिवसांत सवय लागते’ असं ऐकून दोनदा सुरुवात केलीस, दोन्ही वेळा मधेच मोडली, आणि आता आपल्यातच काहीतरी कमी आहे असं तुला वाटायला लागलंय. आधी करिअर ठरवू की आधी सवयी लावू, असं विचारलंयस. मी रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, म्हणजे तुझ्याहून जेमतेम वर्षभर पुढे, म्हणून ‘तू’च म्हणते.

माझं म्हणणं असं, की सध्या या दोन्ही गोष्टी बाजूला ठेव. आधी महिनाभर तुझा दिवस जसा जातो तसा लिहून काढ, त्यात काहीही न सुधारता. माझं पुढचं शिक्षण त्या लिहिण्यातून ठरलं. सवयी का मोडतात तेही मला तिथेच दिसलं.

पण आधी ते २१ दिवस डोक्यातून काढून टाक, कारण त्या आकड्याने तुला उगाच दोषी ठरवलंय. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे एक प्लास्टिक सर्जन होते. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना साधारण २१ दिवस तरी लागतात, असं त्यांनी १९६०मध्ये लिहिलं. ‘तरी’ हा शब्द पुढे गळून पडला आणि त्याचा नियम झाला. प्रत्यक्ष मोजणी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. ९६ जणांनी प्रत्येकी एक साधी गोष्ट निवडली, ती १२ आठवडे रोज एकाच प्रसंगी, जसं नाश्ता झाल्यावर, करायची होती. ती आपोआप व्हायला लागण्याचा मधला आकडा आला ६६ दिवस, आणि माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. (अभ्यास ८४ दिवसांचाच होता, त्यामुळे त्यापुढचे आकडे आलेख पुढे वाढवून काढलेले आहेत.) पाणी पिण्यासारखी गोष्ट लवकर अंगवळणी पडली, व्यायामाला बराच जास्त वेळ लागला. आणि तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नाही. तू चौदाव्या दिवशी चुकलास आणि सगळंच सोडून दिलंस. चुकणं साधं होतं. नुकसान झालं ते सोडून दिल्यामुळे.

आता वहीबद्दल.

गेल्या वर्षी माझ्या टेबलासमोर पाच वर्षांचा एक तक्ता चिकटवलेला होता. पदवी, मग डेटा सायन्स, मग नोकरी. माझं गणित चांगलं आहे आणि आजूबाजूला सगळ्यांच्या तोंडी तेच होतं, एवढ्यावर मी तो तयार केला होता. रोज त्याच्याकडे बघायचे आणि छातीवर दडपण यायचं. त्याच सुमाराला प्रॅक्टिकलमध्ये एक गोष्ट झाली. मी ब्युरेटचं (म्हणजे द्रावण थेंबथेंब सोडणाऱ्या, मापाच्या खुणा असलेल्या काचेच्या नळीचं) रीडिंग घाईत एका चिटोऱ्यावर लिहिलं, नंतर जर्नलमध्ये नीट उतरवू म्हणून. मॅडमनी ते पाहिलं आणि पूर्ण प्रयोग पुन्हा करायला लावला. रीडिंग थेट जर्नलमध्ये, पेनने, ज्या क्षणी घेतलं त्या क्षणी. चुकलं तर खोडरबर नाही, गिरवणं नाही. त्यावर एक सरळ रेघ, बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख. खालचा चुकीचा आकडाही वाचता आला पाहिजे. त्या मला म्हणाल्या, ‘तुला काय यायला हवं होतं ते लिहू नकोस, काय आलं ते लिही.’

ते वाक्य घेऊनच मी घरी गेले. तक्त्यावर मी सगळं ‘काय यायला हवं’ तेच लिहून ठेवलं होतं. त्या रात्री एक जुनी वही काढली आणि दिवसाची नोंद करायला लागले. रोज चार-पाच ओळी: काय केलं, साधारण किती वेळ, कशात वेळ गेला ते कळलं नाही, आणि काय पुढे ढकललं. शेरे नाहीत, संकल्प नाहीत.

सहा आठवड्यांनी पहिल्यापासून वाचायला बसले. दोन नोंदी देते, जशा आहेत तशा.

‘मंगळवार. कोडिंगचा कोर्स लावला, १२ मिनिटांत बंद केला. उद्या.’

‘गुरुवार. प्रॅक्टिकल संपल्यावर ४० मिनिटं थांबले. दोन रीडिंगमध्ये ०.३चा फरक का येतोय ते सापडत नव्हतं. ब्युरेटच्या तोटीखाली हवेचा बुडबुडा अडकला होता.’

पहिल्या प्रकारच्या नोंदी वहीभर होत्या. ‘उद्या’ हा शब्द त्या कोर्ससमोर मी अकरा वेळा लिहिला होता. दुसऱ्या प्रकारच्या नोंदी कमी, पण प्रत्येकीत मी कुणी न सांगता थांबलेली होते. तुला टायट्रेशन, म्हणजे द्रावणात आम्ल नेमकं किती आहे ते मोजायची ही पद्धत, माहीत नसेल तर सांगते. ब्युरेटमधून अल्कली थेंबथेंब खालच्या फ्लास्कमधल्या आम्लात पडत असतं, फ्लास्कखाली पांढरी टाइल असते. अल्कलीत गुलाबी होणारं फिनॉल्फ्थॅलीन आत घातलेलं असलं तर थेंब पडतो तिथे गुलाबी वलय उमटतं आणि फ्लास्क हलवला की नाहीसं होतं. शेवटाजवळ ते वलय जायला वेळ लागतो. मग एक थेंब, कधी अर्धाच, तोटीच्या टोकाला लोंबणारा, तो काचेला टेकवून पाण्याने आत धुऊन घ्यायचा. आणि सगळं द्रावण अगदी फिकट गुलाबी होऊन अर्धा मिनिट तसंच राहतं. गडद झालं तर तू पुढे गेलास, पुन्हा पहिल्यापासून. दोन रीडिंग ०.१ मिलिलिटरच्या आत जुळली की मला जे समाधान मिळतं, ते मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही. माझ्या वर्गातल्या बहुतेकांना हेच काम कंटाळवाणं वाटतं. हे मला माहीत होतं, पण करिअर ठरवताना ते विचारात घ्यायची गोष्ट आहे असं कधी वाटलं नव्हतं. ‘आवड’ म्हणजे काहीतरी मोठं, झगमगीत असणार, अशी माझी समजूत होती. मोजलेलं पुन्हा मोजून बघण्याची ओढ हीसुद्धा आवड असू शकते, हे वहीने दाखवलं.

तरी लगेच निर्णय घेऊ नकोस. एखाद्या विषयाची आवड असणं वेगळं आणि त्या कामाचा रोजचा दिवस आवडणं वेगळं. म्हणून दुसरी पायरी म्हणजे त्या कामातल्या माणसाला गाठणं. इथे बहुतेकजण ‘माझी कुणाशी ओळख नाही’ म्हणून थांबतात. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३च्या एका प्रसिद्ध लेखात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांची माहिती दिली आहे. ज्याच्याकडून खबर मिळाली ती व्यक्ती वरचेवर भेटणारी होती, असे फक्त १६.७ टक्के. कधीतरी भेटणारी ५५.६ टक्के, क्वचितच भेटणारी २७.८ टक्के. कारण सरळ आहे, जवळच्या मित्रांना जे माहीत असतं ते बहुधा आपल्यालाही माहीत असतंच. तेव्हा दूरची ओळख काढायला संकोच करू नकोस.

मी मैत्रिणीच्या मावसबहिणीला फोन केला. ती औषधांची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. ‘पगार किती, स्कोप काय’ हे मी शेवटी विचारलं. आधी विचारलं, ‘काल सकाळी गेल्यापासून काय काय केलंस ते क्रमाने सांगशील?’ तिने सांगितलं: आधी तराजू प्रमाणित वजनांनी तपासायचा आणि त्याची नोंद करायची, मग नमुने तयार करायचे, ते एचपीएलसीला, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राला लावायचे, आणि दिवसाचा मोठा भाग कागदावर. कुठला नमुना, कुठलं उपकरण, किती वाजता, कुणी केलं, कुणी तपासलं. एखादा निकाल मर्यादेबाहेर आला तर तो आवडला नाही म्हणून सोडून देता येत नाही. का आला त्याचा माग काढावा लागतो. आणि चुकलेला आकडा? एक सरळ रेघ, बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख. ते ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. तिने हेही मोकळेपणाने सांगितलं की तेच ते काम महिनोन्‌महिने येतं आणि दिवसभर उभं राहून पाय दुखतात. मला तरी ते हवंसं वाटलं. तो प्रश्न तूही असाच विचार, ‘काल’ धरून. ‘हे क्षेत्र कसं आहे’ असं विचारलंस तर उत्तरंही सर्वसाधारणच मिळतील.

सवयींकडे येते. तू एकदम तीन धरल्यास, म्हणून तिन्ही सुटल्या असाव्यात, असा माझा अंदाज आहे. माझ्या वहीत दिसलं ते असं, की सकाळी न उठण्याचं मूळ रात्री होतं. साडेअकराला फोन हातात, एक वाजता ‘आता झोपते’. त्यात संध्याकाळी उशिरा कॉफी. कॅफीनचं शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे सातची कॉफी मध्यरात्री अर्धी शिल्लक. मी फक्त एवढंच बदललं: फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला, कॉफी दुपारी तीननंतर बंद. लवकर उठायचा वेगळा संकल्प केला नाही. हळूहळू जाग यायला लागली.

अभ्यासाच्या नोंदी मात्र वाचवत नव्हत्या. ‘युनिट ३ वाचलं’, ‘युनिट ३ पुन्हा वाचलं’, आणि परीक्षेत आठवलं नाही. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं पहिल्या काही तासांतच झपाट्याने निसटतं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एकाने उतारा वाचून पुन्हा वाचला, दुसऱ्याने वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होतं, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. म्हणजे पुन्हा वाचताना जे ‘येतंय’ असं वाटतं, ते त्या घटकेपुरतंच असतं. तेव्हापासून मी वाचून झालं की पुस्तक मिटते आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहिते. त्रास होतो, कागद अर्धा रिकामा राहतो, तरीही.

आणि सवय कधी करायची ते घड्याळावर न ठेवता कशाच्या तरी पाठोपाठ ठेव. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी अशा ‘अमुक झालं की तमुक करायचं’ संकल्पांवर बरंच काम केलंय. ‘रोज व्यायाम करेन’ हे हवेत राहतं. ‘दात घासून झाले की दहा बैठका’ याला जागा असते. आधी एकच धर, ती न ठरवता व्हायला लागली की दुसरी.

वही वाचून काहीच हाती लागलं नाही तर? तसंही होऊ शकतं. सगळे दिवस सारखेच असतील तर त्यात वेगळं काही दिसणार कसं? मग दिवसांत नवीन काहीतरी आण: दुसऱ्या विभागाचं एखादं व्याख्यान, सुट्टीतलं छोटं काम, एखाद्या प्रकल्पात हातभार. करिअर समुपदेशनातले जॉन क्रम्बोल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मांडलं होतं की योगायोगांचा वाटा मोठा असतो, पण ते घडायला आणि वापरायला जिज्ञासा, चिकाटी, लवचीकपणा, आशावाद आणि थोडी जोखीम लागते. अजून न ठरणं याला ते दोष मानत नाहीत. मला ते वाचून खूप धीर आला होता. घरची गरज म्हणून तुला लगेच कमवायला लागणार असेल, तर जे काम मिळेल ते घे आणि वही त्या कामातही चालू ठेव. तिथल्या दिवसातही कुठेतरी तू कुणी न सांगता थांबशील.

माझ्या वहीतही मधे नऊ दिवस कोरे आहेत. आजारी नव्हते, लिहिलं नाही एवढंच. नंतर आठवून भरायचा मोह झाला होता. त्या पानावर एक सरळ रेघ, तारीख आणि सही आहे, आणि खाली दहाव्या दिवसाची नोंद.

तो तक्ता आता काढलाय. विश्लेषणात्मक रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी अर्ज केलाय, प्रवेश परीक्षा व्हायची आहे. कालच्या पानावर शेवटची ओळ आहे: ‘उजळणी पुढे ढकलली.’ आत्ता सकाळचे पावणेसात झालेत, कोरा कागद समोर आहे, तेवढी करून घेते.