आजोबांची विंचेस्टर १८९४ लिव्हर अ‍ॅक्शन रायफल (बोअर .३०-३०) वारसाने नावावर झाली आहे. साफ कशी करायची आणि टोकदार काडतुसं चालतील का?

काडतुसांचं आधी सांगतो, कारण तिथली चूक जिवावर बेतते. तुमची रायफल विंचेस्टर १८९४, बोअर (काडतुसाचं माप) .३०-३०. तिच्यात काडतुसं नळीखालच्या मॅगझिनमध्ये एकामागे एक असतात. मागच्या गोळीचं नाक पुढच्या काडतुसाच्या टोपीला (बुडातला, आघाताने पेटणारा भाग) टेकलेलं राहतं. गोळी टोकदार असली तर बार उडाल्याच्या धक्क्याने टोक टोपीवर आदळून मॅगझिनमध्येच काडतूस उडू शकतं. म्हणून सपाट किंवा बोथट नाकाचीच घ्या. नळीवर कोरलेला बोअर, काडतुसाच्या बुडाचा शिक्का आणि लायसन्सवरची नोंद ही तिन्ही जुळायला हवीत. 'बसतंय ना' म्हणून दुसरं काही घालू नका. आजोबांच्या पेटीतली हिरवट गंज चढलेली, मानेशी चिरलेली काडतुसं वापरू नका. परवानाधारक विक्रेत्याला दाखवा.

आता सफाई. आधी तोंड सुरक्षित दिशेला धरून, चापापासून बोट लांब ठेवून लिव्हर पुन्हा पुन्हा चालवा आणि रायफल रिकामी करा. मग चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं त्या जागी) डोकावून, बोट घालून खात्री करा. मॅगझिनमध्ये अडकलेलं एखादं काडतूस हमखास फसवतं.

बोल्ट रायफलीसारखा सफाईचा गज मागून जात नाही, तो तोंडाकडून घालावा लागतो. इथेच बऱ्याच रायफली बिघडतात. गज नळीच्या तोंडाच्या कडेला घासला की ती कड झिजते आणि नेम बिघडतो. गज मधोमध ठेवणारा गाईड वापरा, गज हळू चालवा. ब्रश पितळी किंवा कांस्याचा हवा, आणि तो आरपार गेल्यावरच मागे ओढा. उघड्या अ‍ॅक्शनमध्ये (लिव्हरने चालणाऱ्या यंत्रणेत) आधी चिंधी कोंबा, म्हणजे काजळी आत पडत नाही. मग आत पांढरा कागद धरून तोंडाकडून पाहा, नळीतल्या पिळाच्या खाचा लख्ख दिसतात.

फार जुनी काडतुसं कधी झाडली गेली असतील तर नुसतं तेल पुरत नाही. त्यांच्या टोपीतल्या पोटॅशियम क्लोरेटचे क्षार नळीत उरतात आणि ओलावा ओढतात. ते तेलात नाही, पाण्यात विरघळतात. गरम पाण्याची चिंधी फिरवा, पूर्ण कोरडं करा, मग तेल.

आपल्याकडे बऱ्याच घरी जवसाचं तेल असतं. कुंद्याच्या लाकडाला ते उत्तम, पण लोखंडाला लावू नका. ते सुकून चिकट होतं आणि लिव्हर जड चालते. अ‍ॅक्शनला बंदुकीच्या तेलाचे दोन-चार थेंब बास. जास्त तेल ओघळून कुंद्यात मुरतं आणि लाकूड मऊ पडतं.

पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात ठेवू नका, ते ओल धरतं. आमच्या ब्रह्मपुरीकडे रोवणीच्या दिवसांत हवाच इतकी दमट असते की मी दर आठवड्याला बाहेरून तेलकट फडकं फिरवतो.

अ‍ॅक्शन मात्र घरी खोलू नका. साध्या टेस्टरने स्क्रूच्या खाचा जातात. लिव्हर सैल वाटली तर परवानाधारक कारागिराकडे द्या आणि लायसन्स सोबत न्या.