कुलाब्याहून कुलाब्याला, आणि वाचकांच्या इतर शंका

प्रश्न : कामानिमित्त मुंबईला गेलो की कोणीतरी "अलिबागहून आलास का?" असे विचारून हसतेच. यावर तोंड बंद करणारे एखादे उत्तर आपल्याकडे आहे का? (एक वाचक, चौल)

उत्तर : आहे, आणि ते अक्षरशः आकर्षक आहे. या वाक्प्रयोगाविरुद्ध २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल झाली होती व न्यायालयाने ती फेटाळली. तेव्हा कायद्याची वाट बंद झाली असे समजून आपण विज्ञानाची वाट धरावी. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकात पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी ठेवल्या जात, आणि त्या इतक्या काटेकोर होत्या की सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरील उद्रेकामुळे जे प्रचंड चुंबकीय वादळ झाले, त्याच्या अभ्यासकांना आजही कुलाब्याच्या नोंदींचा आधार घ्यावा लागतो. पुढे मुंबईतील घोड्यांच्या ट्रामगाड्या विजेवर चालवण्याचे घाटू लागले. विजेचा प्रवाह जेथून वाहतो तेथे तो स्वतःचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो, त्यामुळे कुलाब्याची सुई यापुढे पृथ्वीचे न ऐकता ट्रामचे ऐकणार, हे जाणकारांना कळून चुकले. म्हणून १९०४ साली अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. तिच्या बांधकामात लोखंड कटाक्षाने टाळले गेले आणि जुन्या-नव्या नोंदींचा सांधा नीट जुळावा यासाठी १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेतले गेले. विजेची ट्राम मुंबईत १९०७ साली धावली, तोवर सुई सुरक्षित पोचली होती.

यातला खरा श्लेष सरकारनेच केला आहे. त्या काळी अलिबाग हे कुलाबा जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होते (रायगड हे नाव १९८१ सालचे), म्हणजे वेधशाळा कुलाब्याहून जी निघाली ती कुलाब्यालाच पोचली. तेव्हा पुन्हा कोणी विचारलेच, तर "होय, तुमची दिशा चुकू नये म्हणून आम्हाला तिकडेच राहावे लागते" असे नम्रपणे सांगावे.

प्रश्न : विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' दाखवतात आणि १८६८ साली लॉकियर साहेबाने तेथूनच हेलियमचा शोध लावला असे सांगतात. हे खरे आहे का? (एक वाचक, पडेल)

उत्तर : हा प्रश्न पडेलकरांना पडेल, याची आम्हाला खात्री होतीच. साहेब खरा, किल्ला खरा, ग्रहणही खरे. फक्त सालात ३० वर्षांची गफलत आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले आणि त्याची पडछाया आपल्या देशावरून गेली, हे निर्विवाद आहे. त्या दिवशी फ्रेंच ज्योतिर्विद जानसेन हे आंध्रातील गुंटूर येथे होते. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट त्यांनी पाहिला, आणि तो इतका तेजस्वी दिसला की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्यांना तो पाहता आला. नॉर्मन लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये होते व ऑक्टोबर महिन्यात त्यांनी तेथूनच, ग्रहणावाचून, तीच किमया साधली. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी आली आणि भांडणाला जागाच उरली नाही. फ्रेंचांनी दोघांचेही मुखवटे असलेले पदक पाडून विषय मिटवला. वर्णपटातील अनोळखी पिवळी रेषा ही एखाद्या नव्या मूलद्रव्याची असावी, हे अनुमान मात्र लॉकियर यांचे, आणि विल्यम रॅम्झे यांना ते द्रव्य पृथ्वीवर सापडले १८९५ साली.

मग कट्ट्यांचे काय? २२ जानेवारी १८९८ रोजी पुन्हा खग्रास ग्रहण आले, तेव्हा लॉकियर खरोखरच विजयदुर्गास उतरले होते, आणि 'मेल्पोमिनी' या आरमारी जहाजावरील खलाशी त्यांच्या मदतीला होते. ऐन पावसाळ्यातील ऑगस्टपेक्षा जानेवारीचे कोरडे आकाश कोकणात कितीतरी भरवशाचे, हे आमच्या वाचकांना सांगायला नकोच. म्हणजे हेलियमचा साहेब विजयदुर्गास आला होता, पण हेलियम प्रयोगशाळेच्या बाटलीत बंद झाल्यानंतर. गावोगावी सांगितल्या जाणाऱ्या कथेत मधल्या काळात कोणीतरी थोडा हेलियम भरला आणि ती वर गेली, इतकेच. आमच्या मते खरी हकीकतही कमी रंजक नाही: शोधाचा मानकरी आपल्या सूर्याची पुन्हा भेट घेण्यासाठी समुद्र ओलांडून देवगड तालुक्यात येतो, ही गोष्ट फलकावर लिहिण्याजोगी आहे.

प्रश्न : सावंतवाडीच्या गंजिफाचा पत्ता गोल का असतो, आणि खेळ सुरू कोणी करायचा? (एक वाचक, कुडाळ)

उत्तर : पोस्टाचा पत्ता गोलमाल असला तर पत्र परत येते, खेळाचा चालतो. गंजिफाचे पत्ते गोल असण्याची रीत जुनी आहे. हाताने रंगवलेले आणि लाखेचा लेप दिलेले हे पत्ते चौकोनी पत्त्यांसारखे पिसता येत नाहीत, ते पालथे पसरून कालवावे लागतात. दशावतारी गंजिफात १० अवतारांचे १० रंग, प्रत्येकी राजा, प्रधान आणि १ ते १० असे १२ पत्ते, म्हणजे एकूण १२०. नवख्याची फजिती येथे होते: पाच रंगांत दश्शी मोठी आणि उरलेल्या पाचांत एक्का मोठा, त्यामुळे हातात काय आले आहे हे पाहण्याआधी कोणाचे आले आहे हे पाहावे लागते. सुरुवात मात्र घड्याळ ठरवते. दिवसा ज्याच्याकडे राम असेल तो डाव उघडतो आणि रात्री ज्याच्याकडे कृष्ण असेल तो. राम सूर्यवंशी व माध्यान्ही जन्मलेला, कृष्ण चंद्रवंशी व मध्यरात्री जन्मलेला, हे ध्यानात ठेवले की नियम विसरत नाही. दिवसाचा डाव रात्रीपर्यंत लांबला तर रामाने उठावे काय, या उपप्रश्नावर घरोघरी तंटे होऊ शकतात. त्यात आम्ही पडणार नाही.

प्रश्न : काजूची बी फळाच्या बाहेर का लटकते? (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : कारण ती बाहेर नाहीच, बी ज्यात असते तेच फळ. आपण ज्याला बोंडू म्हणतो तो फुगलेला देठ आहे. टरफलातील तेल कातडीला पोळते, म्हणून ओले काजू सोलणाऱ्या बायकांच्या बोटांची साल निघते. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले असल्याने हा चिकट स्वभाव तिघांतही थोडाफार आहे.

प्रश्न : सिंधुदुर्ग किल्ल्यातील दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींत पूर्वी खरेच दूध-दही असे का? (एक वाचक, मालवण)

उत्तर : नाही. १६६४ साली ज्या कुरटे बेटावर किल्ल्याची पायाभरणी झाली, त्याच्या चहूबाजूंना खारे पाणी असताना आत गोडे पाणी लागले, याचेच कौतुक या नावांत उतरले असावे. बेटात मुरलेले पावसाचे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने त्याच्यावर तरंगून राहते, आणि बेताने उपसले तर गोडच मिळते. दूधबावीत पहिल्यापासून निव्वळ पाणीच असल्यामुळे तिच्या दुधात पाणी घातल्याची तक्रार मात्र कोणालाही करता येत नाही.