रस्ता ओलांडताना दुचाकीने उडवलं, गाडीवाला बिल भरतो म्हणतोय. तरी भरपाईचा दावा करावा का?

तुम्ही लिहिलंय की पायाला फ्रॅक्चर आहे, गाडीवाला "पोलिसात जाऊ नका, दवाखान्याचं मी बघतो" म्हणतोय, आणि दावा केला तर किती मिळेल. दावा जरूर करा. पण आधी केसपेपर काढा आणि पहिली ओळ वाचा.

तिथे रस्ता अपघात लिहिलाय की "घसरून पडल्याने मार"? हे नेहमी घडतं. पेशंट कळवळत असतो, नातेवाईक गडबडीत असतात, आणि सोबत आलेला गाडीवालाच पुढे होऊन सांगतो, "जिन्यावरून पडले." मग एमएलसी (दवाखान्यातली पोलीस केसची नोंद) होत नाही, पोलिसांना कळत नाही. पुढे ट्रिब्युनलमध्ये (भरपाईचे दावे चालतात त्या न्यायाधिकरणात) विमा कंपनीचा वकील नेमका तोच कागद काढतो: हे तर घरात पडले होते! एक्स-रे, हाडात बसवलेल्या प्लेटचं बिल, डिस्चार्ज कार्ड, सगळं खरं असूनही त्या ओळीपुढे लंगडं पडतं. ओळ चुकली असेल तर आजच दवाखान्याला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. जुन्या नोंदीवर खाडाखोड नको. तारखेसह नवी नोंद मागा.

मग फिर्याद. उशीर झालाय म्हणून दावा आपोआप बुडत नाही, पण उशिराचं कारण (ऑपरेशन, शुद्ध नव्हती) फिर्यादीतच येऊ द्या. सीसीटीव्हीचं फुटेज काही दिवसांत पुसलं जातं, ते जप्त करण्याची विनंती लेखी करा. पंचनाम्याची प्रत घेऊन वाचा. "पादचारी अचानक धावत आला" असं त्यात असेल तर तुमचाही हलगर्जीपणा धरून रक्कम कापली जाऊ शकते.

अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम १६६ खाली. अपघात झाला तिथे किंवा तुम्ही राहता तिथेही चालतो. कायद्यात मुदत सहा महिन्यांची आहे. चालक, मालक आणि विमा कंपनी, तिघांनाही सामनेवाले (विरुद्ध पक्ष) करा.

आता "गरीब आहे बिचारा, कशाला कोर्टात ओढायचं" म्हणणाऱ्या काकांना सांगा, थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे तो याचसाठी. पैसे एरवी कंपनी भरते, बिचारा नाही. आणि वीस हजार घेऊन "माझी काही तक्रार नाही" असं स्टॅम्पपेपरवर लिहून देणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. बिलं आज दिसतात, पाय आखूड झाला की नाही ते वर्षाने कळतं.

किती मिळेल? बिलांखेरीज मोठा आकडा कमाईच्या नुकसानीचा. वय ३२, महिना १५,००० आणि कमाईची क्षमता २० टक्क्यांनी घटली असं धरलं, तर १५,००० × १२ × १६ × २० टक्के, म्हणजे ५,७६,०००. यातला १६ हा ३१ ते ३५ वयाचा गुणक, म्हणजे वर्षाचं नुकसान कितीने गुणायचं तो वयानुसार ठरलेला आकडा. भावी उत्पन्नवाढ वेगळी धरतात. मात्र सर्टिफिकेटवरचं अपंगत्व आणि कमाईतली घट एकच नव्हे. तोच पाय कारकुनाला वेगळा नडतो, हमालाला वेगळा. म्हणून कामाचा पुरावा हवा, आणि अपंगत्व सिद्ध करायला डॉक्टरची साक्षही.

एक राहिलं. गाडीचा विमाच नसेल तर भार मालकावर येतो आणि वसुली रखडते, त्यामुळे पॉलिसी अपघाताच्या तारखेला चालू होती का ते आधी तपासा. लोकअदालतीत तडजोड करायला हरकत नाही, फक्त त्यावर अपील नसतं, तेव्हा प्लेट काढायचं ऑपरेशन बाकी असेल तर त्याचा खर्च आधी धरा. आणि गाडी पळून गेली, नंबर मिळालाच नाही, तर हा रस्ता नाही. हिट अँड रन योजनेत गंभीर दुखापतीला ५०,००० मिळतात, त्याचा अर्ज प्रांत किंवा तहसीलदाराकडे. हाड मोडणं कायद्याने गंभीर दुखापतच आहे, त्यामुळे तो एक्स-रे जपून ठेवा.